घरातली बोबडी

"आमच्या घरात एक बोबडी होऊन गेली, तेवढी पुरे झाली! दुसरी मी होऊ देणार नाही!"

भावानं हे वाक्य जेवणाच्या टेबलावर टाकलं आणि ताईच्या हातातला घास हातातच राहिला. समोर वहिनी मान खाली घालून मुलीच्या ताटातल्या भाताची उगाच चिवडाचिवड करत होती. आणि ती मुलगी, जिला सगळे लाडानं भिंगरी म्हणत आणि जिला स्वतःला मात्र ते नाव 'भिंगली' असंच उच्चारता यायचं, ती डोळे मोठे करून एकदा बापाकडे, एकदा आत्याकडे बघत होती. 'एक बोबडी' म्हणजे कोण, हे त्या घरात कुणाला विचारावं लागत नव्हतं. ती ताई! सगळ्या नातलगांना, शेजारपाजाऱ्यांना, वहिनीच्या माहेरच्यांना पक्कं ठाऊक होतं की ह्या घरातली थोरली मुलगी लहानपणी र चा ल करायची, म्हणून तर मोठेपणी तिनं बोबड्या मुलांना बोलायला शिकवण्याचा व्यवसाय पत्करला. किती सुरेख जुळत होती ही गोष्ट... आणि ती साफ खोटी होती.

ती खोटी आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक ताई, आणि दुसरा समोर बसून तिलाच बोबडी म्हणणारा तिचा धाकटा भाऊ.

"सोमवारी सकाळी नेतोय हिला," तो पुढे म्हणाला. "जिभेखालचा पडदा जरासा कापायचा. दहा मिनिटांचं काम आहे. जीभ मोकळी झाली की र सुटतो."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांनी तिच्या तोंडात बघितलंय का? मी बघितलंय. तिची जीभ टाळूला लागते, वरच्या ओठाला लागते, बाहेर काढून तुला वेडावून दाखवायला सांग, हनुवटीपर्यंत येते. तिला कशानंही बांधलेलं नाही. मग कापायचं काय?"

"मग बोलत का नाही ती नीट?"

"शिकली नाही म्हणून. शिकवलं की बोलेल."

"कधी? अजून वर्षानं? दोन वर्षांनी?" त्याचा तो प्रसिद्ध आवाज आता टेबलावरच्या भांड्यांत घुमायला लागला होता. "शाळेत मुलं हिला चिडवतात. परवा कविता म्हणताना बाईंनी अर्ध्यात खाली बसवलं. लोक मला तोंडावर विचारतात, तुमची मुलगी आणि अशी? अगं, मी रोज संध्याकाळी अख्ख्या देशाला बातम्या सांगतो, ताई!"

"देशाला सांगतोस ना? मग घरात थोडं ऐकायला पण शीक!"

"तू मला शिकवू नकोस! हे आलंय कुणाकडून तिच्यात? तुझ्याकडूनच ना?"

ताईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिला वाटलं, तिथे कुठेतरी लाज असेल, एखादी चोरटी विनवणी असेल, 'सावरून घे गं' असं म्हणणारी... पण तिथे काहीच नव्हतं! तो मनापासून बोलत होता. इतकी वर्षं ते खोटं सांगता सांगता त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. त्या क्षणी ताईच्या अंतःकरणात जी कळ उठली ती अपमानाची नव्हती. आपण जे दिलं ते घेणाऱ्याला आठवतसुद्धा नाही, ह्याची ती वेदना होती.

ती उठली. हात धुतले. पदराला पुसले. आणि दारातून वळून इतक्या शांतपणे बोलली की वहिनीनं दचकून वर पाहिलं.

"बाळ्या, त्या पोरीच्या जिभेला सुरी लावायची असेल, तर आधी माझ्याशी गाठ आहे."

देशभर ओळखल्या जाणाऱ्या माणसाला बाळ्या म्हणणारी ती एकच बाई उरली होती, आणि ते त्याला मुळीच आवडायचं नाही.

आई गेली तेव्हा बाळ्या रांगत होता. वडिलांची नोकरी फिरतीची. ते महिन्यातून कधीतरी यायचे, पोरांकडे परक्यासारखे बघायचे आणि पुन्हा जायचे. घर म्हणजे ताई. ती स्वतः शाळेत जाणारी पोर, पण भावाचा पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला ताप सगळं तिच्याच मांडीवर झालं. आणि त्याचा र? तो काही केल्या येईना! 'लस्ता', 'घल', 'दाल उघड'. वर्गातली मुलं त्याला घेरून 'लाजालाम' म्हणायला लावायची आणि तो रडत घरी यायचा. ताईला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. तिनं स्वतःच्या तोंडात बोट घालून बघितलं, की र म्हणताना आपली जीभ करते तरी काय! ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे चिकटून बसतं, र म्हणताना ते नुसतं शिवून, थरथरून सुटतं. मग तिनं दातांमागच्या त्याच जागी मधाचं बोट लावायचं आणि बाळ्यानं ते जिभेच्या टोकानं टिपायचं, असा खेळ स्वयंपाकघरातल्या आरशासमोर सुरू झाला. किती संध्याकाळी गेल्या, किती मध त्यानं नुसताच गिळला! पण एक दिवस त्याच्या तोंडून 'र' सुटला आणि दोघं भावंडं ओट्याभोवती नाचली. ताईचा व्यवसाय त्या आरशासमोर ठरला. कॉलेजात जाऊन तिनं त्याचं रीतसर शिक्षण घेतलं ते नंतर.

आणि मग ती दुपार. ताईला बघायला लोक आले होते. मुलगा चांगला होता... आवडला होता तिला. सगळं जुळत आलं असताना मुलाच्या आईनं कप खाली ठेवून विचारलं, "ह्या घरातलं एक मूल बोबडं आहे, असं कानावर आलंय. कोणतं हो?"

बाळ्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याची पहिली वक्तृत्व स्पर्धा होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, ओठ थरथरायला लागले, आणि ताईला वाटलं, आत्ता ह्याच्याकडे सगळ्यांची नजर वळली तर हा पोरगा आयुष्यात पुन्हा तोंड उघडणार नाही.

"मी," ती म्हणाली. "लहानपणी मीच बोबडी होते."

"असलं पुढच्या पिढीत उतरतं हो..." मुलाची आई म्हणाली. मुलानं खाली बघितलं. 'आई म्हणेल तसं.' झालं! स्थळ गेलं. पुढे ज्यांच्या ज्यांच्या कानावर ती गोष्ट गेली, तेही गेले. ताई पुढे हसून म्हणायची, की ज्याला स्वतःच्या लग्नाबद्दल तोंड उघडता येत नाही त्याच्यावर इलाज माझ्याकडेसुद्धा नाही! पण हसणं वेगळं आणि उशीत तोंड खुपसून रडणं वेगळं. त्या संध्याकाळी बाळ्यानं तिच्या कमरेला मिठी मारून म्हटलं होतं, "ताई, कुणाला कधीच सांगू नकोस ना." आणि तिनं शब्द दिला होता.

बाळ्या स्पर्धा जिंकला. मोठा झाला, निवेदक झाला. त्याच्या लग्नाच्या वेळी वहिनीच्या माहेरच्यांनी तोच प्रश्न विचारला. तेव्हा त्यानं खाली बघत 'ताई होती' म्हणून सांगितलं. पुढच्या वेळी वर बघून सांगितलं. त्यानंतर त्याला सांगायला काहीच वाटेनासं झालं.

लोक त्याच्या संथ, भारदस्त वाचनावर फिदा होते. कित्येक पोरं त्याची नक्कल करायची. फक्त ताईला ठाऊक होतं की तो संथ का वाचतो! 'सरकार', 'करार', 'दरवाढ' असे शब्द समोर आले की तो आधी किंचित थांबतो, जीभ सावरतो आणि मग पाऊल टाकतो. रोज संध्याकाळी ती बातम्या लावायची ते बातम्यांसाठी नव्हे. प्रत्येक र पार पडेपर्यंत तिचा जीव मुठीत असायचा, आणि त्यानं शेवटी 'नमस्कार' म्हटलं की ती उठून दिवा लावायची.

सगळं सोसलं तिनं, पण एक गोष्ट मात्र तिच्या काळजात रुतून बसली होती. भिंगरी जन्मली तेव्हा ताईनं तिला मांडीवर घेऊन गप्पा मारायला सुरुवात केली, तशी वहिनी अवघडून म्हणाली होती, "ताई, राग मानू नका... पण बाळाशी फार बोलू नका हं. तुमची सवय लागेल तिला." परक्यांच्या पोरांना जन्मभर बोलायला शिकवणाऱ्या बाईला स्वतःच्या भाचीशी बोलायची बंदी! ताई तेव्हाही गप्प बसली. गप्प बसायची तिला अगदी उत्तम सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी भिंगरीचा हात धरून ताईच्या दवाखान्यात आली.

दवाखाना कसला, मोठ्या इस्पितळाच्या मागच्या व्हरांड्यात एका टोकाला असलेली खोली ती! पूर्वी तिथे चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवत. आता एका भिंतीला आरसा होता, त्याच्यासमोर बुटक्या खुर्च्या, टेबलावर मधाची बरणी, लाकडी पट्ट्या आणि चित्रांच्या पत्त्यांची पेटी. दार इतकं पातळ की बाहेरच्या बाकावर कुणी शिंकलं तरी आतलं मूल 'जरा हळू' म्हणायचं.

"ताई, मी खरं सांगते," वहिनी उभ्या उभ्याच म्हणाली. "माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास नाही. पण काल ही मला विचारत होती, 'आई, कापल्यावल लक्त येईल का?' आणि माझ्यानं... माझ्यानं तिला हो म्हणवेना, नाही म्हणवेना!" तिनं भिंगरीला जवळ ओढलं. "ह्यांना सांगितलेलं नाही मी. तुम्ही सोमवारच्या आत हिला र काढून द्याल?"

"नाही," ताई म्हणाली.

"नाही?"

"खोटी आशा दाखवून मुलं आणायला लावायची असती, तर माझ्या बाकावर जागा उरली नसती. र सोमवारपर्यंत येणार नाही. त्याला वेळ लागेल, आणि घरात कुणीही तिला सारखं 'नीट म्हण, नीट म्हण' करायचं नाही, ही माझी अट. पण ती शिकू शकते की नाही, हे तुला सोमवारच्या आत तुझ्या डोळ्यांनी दिसेल. मग तू ठरव. तिची आई तू आहेस, बातम्यांचं केंद्र नव्हे!"

वहिनी बसली. आणि तिनं पाहिलं ते काहीतरी वेगळंच होतं. तिला वाटलं होतं, ताई मुलीला र र र म्हणायला लावेल. ताईनं तिला एकही शब्द म्हणायला लावला नाही! उलट तीच भिंगरीसमोर शिष्यासारखी बसली आणि म्हणाली, "आज तू बाई आणि मी मुलगी. मी बोलणार. माझा र चुकला की टेबलावर दोन टिचक्या मारायच्या. जो र स्वतःच्या कानाला कळत नाही, तो जिभेला कसा कळणार? चालेल?"

भिंगरीनं मान डोलावली. तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची तरी चूक काढायची परवानगी मिळाली होती.

"काल उंदराने माझी भाकरी पळवली," ताई म्हणाली. शांतता. "मग मांजल आलं..."

टक टक!

"शाब्बास! मग मांजराने उंदलाला..."

टक टक! टक टक! भिंगरी खुर्चीत उड्या मारायला लागली. "आत्या, तू किती चुकतेस गं!"

वहिनीला हसू आलं आणि लगेच मनात आलं, किती हुबेहूब बोबडं बोलतात ह्या! खरंच असणार लहानपणी. तिला कसं कळणार, की ते बोबडे बोल ताईनं दुसऱ्याच एका तोंडून, मधानं चिकट झालेल्या तोंडून उचलून आणले होते...

रोज त्या मायलेकी येऊ लागल्या. टिचक्यांचा खेळ, आरशात जिभेच्या कसरती, दातांमागे मधाचा थेंब. भिंगरीचा र अजून ल च होता. पण शुक्रवारी घरी जाताना ती दारात थबकली, स्वतःशी म्हणाली, "भिंगली," आणि मग कपाळाला आठ्या घालून, "छे, हे चुकलं." वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. आजवर त्या पोरीला आपलं काय चुकतं हेच ऐकू येत नव्हतं. फक्त लोक हसतात एवढंच दिसत होतं.

शनिवारी तिसऱ्या कुणीतरी निवेदकाच्या कानावर घातलं, आणि तो इस्पितळाच्या व्हरांड्यातून वादळासारखा आला. बाकावरच्या आया उठून उभ्या राहिल्या. हा चेहरा त्यांनी फक्त पडद्यावर पाहिला होता. त्यानं दार ढकललं. आत भिंगरी खुर्चीत बसली होती, एक हात टेबलावर, बोटं टिचकीच्या तयारीत.

"चल, ऊठ!" तो मुलीला म्हणाला. मग वहिनीकडे वळला. "मला न विचारता? आणि तेही हिच्याकडे? जिच्यामुळे हे सगळं झालं तिच्याकडे?"

"दार लाव," ताई म्हणाली. "बाहेर मुलं आहेत."

"दार उघडं राहू दे! ऐकू दे सगळ्यांना! सोमवारी ऑपरेशन होणार म्हणजे होणार."

"होणार नाही."

"तू कोण सांगणार?"

"मी ह्या पोरीची आत्या. ज्या जिभेत काही दोष नाही, ती केवळ बापाच्या नावाला बट्टा लागतो म्हणून कापू देणार नाही! तुझ्या दारात आडवी पडेन. त्या सर्जनच्या दारात आडवी पडेन. अरे, तुला काय वाटलं, ताई म्हणजे मुकी गाय? मुकी होते मी बाळ्या, पण गाय नव्हते!"

"बाळ्या म्हणू नकोस मला!" तो ओरडला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, श्वास तुटला, इतक्या वर्षांचं ते संथ, भारदस्त, जपून टाकलेलं पाऊल सुटलं आणि... "ही माझी पोल आहे! माझ्या पोलीचं काय कलायचं ते मी ठल..."

टक टक!

भिंगरीची बोटं टेबलावर होती. तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं, सवयीनं झालं होतं. ती बापाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, थट्टाही नव्हती.

"बाबा, चुकलं," ती हलकेच म्हणाली. "जीभ चिकटली तुमची. घाई नको. पुन्हा म्हणा."

निवेदकाचं तोंड उघडंच राहिलं. वहिनीनं आधी त्याच्याकडे, मग ताईकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून एकेक वर्ष सरकत गेलं.

आणि ताई? ताईच्या ओठांवर वाक्य तयार होतं! 'रागात कुणाचीही जीभ अडखळते गं, त्यात काय एवढं.' किती सोपं होतं! एवढं म्हटलं असतं की सगळं पुन्हा झाकलं गेलं असतं. भावाची नजरही तिच्याकडे वळली होती, आणि आता मात्र त्या नजरेत ती जुनी विनवणी होती, चौकटीला धरून उभ्या असलेल्या त्या पोराची... ताईचं काळीज पिळवटून निघालं. आईच्या मायेनं वाढवलं होतं तिनं त्याला! तिचे ओठ उघडले. मग तिनं खुर्चीतल्या त्या लहान मुलीकडे पाहिलं, जिला सोमवारी रक्त येणार होतं, आणि तिनं ते वाक्य गिळून टाकलं.

"नाही," ती म्हणाली. "आज मी झाकणार नाही. दिलेला शब्द मी आजपर्यंत पाळला, बाळ्या. माझ्या जन्माची राखरांगोळी झाली तरी पाळला, आणि त्याचं मला दुःख नाही. पण माझ्या शब्दाची किंमत ही पोर देणार असेल, तर तो शब्द मोडला! मी सांगू, की तू सांगतोस?"

तो त्या बुटक्या खुर्चीत मटकन बसला, गुडघे छातीशी आले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "मी होतो. बोबडा मी होतो... ताई नव्हे."

"म्हणजे?" वहिनीचा आवाज चिरकला. "म्हणजे मी ह्यांना माझ्या बाळाशी बोलू दिलं नाही... मी ह्यांच्या मांडीवरून मुलगी उचलून घेतली... आणि तुम्ही समोर बसून बघत होता?"

त्याची मान आणखी खाली गेली.

"बाबा," भिंगरीनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग तुमची जीभ कुणी कापली?"

"कुणी नाही गं. ताईनं शिकवलं मला."

"मग माझी का कापणाल होता?"

त्याचे डोळे भरून वाहू लागले. मोठमोठ्या माणसांच्या मरणाच्या बातम्या ज्यानं आवाज न हलवता वाचल्या होत्या, तो आपल्या मुलीसमोर लहान पोरासारखा हुंदके देत होता.

"मला भीती वाटत होती म्हणून," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या तोंडून मला माझाच आवाज ऐकू यायचा. तो लवकर बंद व्हावा, असं वाटायचं."

मग तो ताईकडे वळून तिच्या पायांना हात लावू लागला, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"पाया पडू नकोस. पाया पडलास की मी विरघळते, आणि मला आज विरघळायचं नाही! माफी मागून मोकळा होशील तू, मला नको ती माफी. आधी त्या सर्जनला फोन कर."

त्यानं तिथेच फोन लावला. पलीकडून कारण विचारलं असावं, कारण तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तिच्या जिभेत काही दोष नाही. माझी चूक झाली." त्यानं फोन खिशात ठेवला. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ताईजवळ आली, काही बोलायला तोंड उघडलं आणि नुसतीच तिच्या गळ्यात पडून रडली. ताईनं तिच्या पाठीवर हात फिरवला. इतक्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना अशी मिठी मारली नव्हती, त्यामुळे दोघींनाही ती जरा अवघडच गेली.

"पुरे आता," ताई नाक पुसत म्हणाली. "पोरीचा वेळ वाया चाललाय. बाळ्या, तू बाहेर बस. आत बसलास तर मध्ये मध्ये बोलशील."

तो निमूटपणे दार ओढून घेत बाहेर गेला आणि बाकावर इतर आई-बापांमध्ये बसला. शेजारी नातवाला घेऊन नुकत्याच आलेल्या एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी त्याला निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगोबाई! तुम्ही ते बातम्यांचे ना? तरी म्हटलं, चेहरा ओळखीचा वाटतो! पण काय हो, तुमच्यासारख्या माणसाच्या पोटी असं मूल? घरात आलं तरी कुणाकडून हे?"

दार पातळ होतं. आत मधाच्या बरणीचं झाकण उघडता उघडता ताईचा हात थांबला. वहिनीनं श्वास रोखला. कितीदा तरी ताईनं ह्या प्रश्नाचं उत्तर स्वतःहून पुढे होऊन दिलं होतं... पण आज प्रश्न तिला विचारलेला नव्हता. ती जागची हलली नाही.

"माझ्याकडून," बाहेरून आवाज आला. सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा. "मी लहानपणी बोबडा होतो, आजी. ह्या खोलीत मुलांना शिकवतात ना, ती माझी थोरली बहीण. तिनं मला बोलायला शिकवलं, आणि माझं बोबडेपण स्वतःच्या नावावर घेऊन तिनं सगळ्या जगाची बोलणी खाल्ली. तिच्या लग्नात ते आडवं आलं, तेव्हाही मी गप्प बसलो. ती कधीच बोबडी नव्हती. एक दिवससुद्धा नव्हती."

आत ताईचे डोळे आपोआप मिटले, आणि इतकी वर्षं जे अश्रू तिनं हसण्याखाली, कामाखाली, दुसऱ्यांच्या मुलांखाली दडपून ठेवले होते, ते मिटल्या पापण्यांतून गालांवर ओघळले. ती सुखानं रडली, आणि रागानंही रडली, कारण हे एवढं वाक्य ऐकायला तिला अर्धं आयुष्य लागलं होतं!

"आत्या, मध सांडतोय," भिंगरी म्हणाली.

ताईनं बरणी सरळ केली, पदरानं तोंड पुसलं, ताडकन दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून बाहेरच्या सगळ्यांवर नजर फिरवली. आजीबाई डोळे टिपत होत्या. भाऊ मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"एवढ्या मोठ्यानं बोलायला हे काय तुझं बातम्यांचं केंद्र आहे?" ती म्हणाली. "हळू बोल. आत माझी भाची शिकतेय."

"हो, ताई," बाळ्या म्हणाला.